आधी विचारा, कडक खायचंय की मऊ?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. तुमचा पेपर मी रोज इथे कॅलिफोर्नियात ई-पेपरवर वाचते, बहुतेक वेळा रात्री ओटा आवरून झाल्यावर, त्यामुळे हे पत्र जरा उशिराच पोचतंय. गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत पुण्याच्या एका काकांनी लिहिलं होतं की मॉलमधून ‘रामफल’ अशी चिठ्ठी लावलेली नारिंगी फळं आणली, सहा आणली, पहिलं आतून तपकिरी होतं पण गुळासारखं गोड निघालं, दुसऱ्याचा घास घेतला तर तोंड असं आवळलं की चहा पिऊनही जाईना, ही शुद्ध फसवणूक आहे आणि उरलेली चार फळं पुरावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवली आहेत. आणि त्याच अंकात बागेच्या पानावर ‘पर्सिमनची बी पेरा, गच्चीवर कुंडीत सहज येतं’ असं दोन ओळींत उरकलेलं. काकांची ती नारिंगी फळं म्हणजे हेच पर्सिमन. हे दोन्ही एका बैठकीत वाचलं आणि मला राहवेना. काकांची फसवणूक झालेली नाही (नावाची सोडली तर), आणि बी पेरून पर्सिमन सहज येत नाही, आणि दोन्हीकडे चूक एकच आहे, की पर्सिमन म्हणजे एकच काहीतरी फळ असं धरून चाललोय. आपण कधी नुसतं ‘आंबा चांगला असतो का’ असं विचारतो का? कुठला आंबा, ते आधी. इथेही तसंच आहे, उलट जास्तच.

नावाचं आधी मिटवून टाकते. दिल्लीकडे याला रामफल म्हणतात, अमरफल म्हणतात, हिमाचलात जपानी फल म्हणतात. आपलं रामफळ वेगळं, ते सीताफळाच्या घरातलं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तिकडची पेटी पुण्यात आली की चिठ्ठी तशीच राहते आणि आपण फसतो. जपानीत याला काकी म्हणतात, त्यावरून आमच्या घरात गेली दहा-बारा वर्षं तेच ते विनोद चालू आहेत, ते इथे लिहीत नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगते म्हणजे काकांना जरा बरं वाटेल. २०१२ साली आम्ही सनीव्हेलला घर घेतलं त्या घराच्या मागे एक जुनं मोठं झाड होतं. ऑक्टोबरात पानं लालभडक व्हायला लागली आणि त्यात ही लांबट, खाली टोकदार, भगवी फळं, एवढी देखणी की मी पहिलं फळ देवापुढे ठेवलं आणि दुसरं उभ्या उभ्या चावलं. तुम्ही कधी कच्चा काजूबोंडू खाल्लाय? त्याच्या चौपट. जीभ टाळ्याला चिकटली, दातांवर कुणीतरी खडू घासल्यासारखं झालं, चूळ भरून काही होत नाही, साखर खाऊन काही होत नाही. नवरा म्हणाला शोभेचं झाड असेल, विषारी बिषारी असेल, तोडून टाकू. मी त्या वर्षी सगळी फळं हिरव्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. दोन मोठे डबे भरून. आजही आठवलं की जीव हळहळतो, कारण ते झाड होतं हाचिया नावाच्या पर्सिमनच्या जातीचं, आणि हाचिया पिकला की त्याच्यासारखं फळ नाही.

हे मला कळलं ते पुढच्या वर्षी, दोन जणींमुळे. एक म्हणजे आई. ती गोंदियाहून आली होती, तिनं फळ हातात घेऊन उलटं केलं, देठाची ती चार पाकळ्यांची वाळकी टोपी बघितली आणि म्हणाली, हे त टेंभरूच हाये वं! मला हसू आलं, पण ती शंभर टक्के बरोबर होती. आपलं टेंभुर्णीचं झाड, ज्याच्या पानाची विडी होते, तेंदूपत्ता म्हणून आमच्या गोंदिया-गडचिरोलीकडे ज्यावर उन्हाळ्यात घरं चालतात, ते आणि पर्सिमन एकाच कुळीतले, शास्त्रीय नावात दोघंही डायोस्पायरॉस. हा जपानी भाऊ काकी, आपला मेलॅनोझायलॉन. लहानपणी आम्ही कच्चं टेंभरू खाऊन असंच तोंड वाकडं केलेलं होतं, आणि आजी म्हणायची पिवळं होऊन मऊ पडू दे की जरा, कसली घाई. एवढं ठाऊक असूनही मी इथे येऊन तीच चूक केली.

दुसऱ्या म्हणजे शेजारच्या जपानी आजी. त्यांनी कुंपणावरून बघितलं होतं की मी फळं कचऱ्यात टाकतेय, वर्षभर काही बोलल्या नाहीत, पुढच्या ऑक्टोबरात मात्र स्वतःहून आल्या आणि म्हणाल्या, टाकणार असशील तर मला दे, आणि टाकणार नसशील तर शिकवते. मग आमच्या गॅरेजमध्ये त्यांनी मला होशिगाकी, म्हणजे टांगून सुकवलेलं पर्सिमन, करायला शिकवलं. हाचिया अजून कडक असतानाच देठाचा छोटा टी सारखा तुकडा ठेवून कात्रीनं काढायचा, साल सोलायचं, देठाला दोरी बांधून हवेशीर जागी टांगायचं, एकाला दुसरं लागू द्यायचं नाही. आठवडाभरानं वरून कातडी धरली की दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक फळ बोटांनी हलकं चोळायचं, बाळाला तेल लावतो ना तसं, आतला गर मोडेल पण कातडी फाटणार नाही असं. चार-सहा आठवड्यांत फळ काळपट, चिवट होतं आणि वर पांढरी भुकटी धरते. मला वाटलं बुरशी आली. ती साखर असते, फळातलीच, बाहेर येऊन बसते. चव सांगायची तर वसईची सुकेळी आणि खजूर यांच्या मधली. आई म्हणाली याच्यापुढे पेढा फिका.

तुरटपणाचं कारण टॅनिन. कच्च्या हाचियात ते विरघळणारं असतं, घास घेतला की लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडून आवळतं. फळ पुरतं मऊ झालं की तेच टॅनिन विरघळेनासं होतं, राहतं फळातच पण जिभेला लागत नाही. पुरतं मऊ म्हणजे किती, तर पाण्यानं भरलेला फुगा हातात घेतल्यासारखं, साल आतल्या जेलीला कसंबसं धरून आहे असं. त्याच्या एक दिवस आधी खाल्लं तरी फसलात. आपण आंब्याची अढी लावतो तशी याचीही लावायची, कागदाच्या पिशवीत एक केळं किंवा सफरचंद घालून. मी तांदळाच्या डब्यातही ठेवते. घाई असेल तर रात्रभर फ्रीजरला टाकून सकाळी वितळवा, तुरटपणा बराचसा जातो. पण अर्धवट पिकलेलं शिजवायला जाऊ नका, एकदा मी पाहुण्यांसाठी त्याचा शिरा केला, तूप-बदाम सगळं घालून, आणि चौघांनी एकेक चमचा खाऊन अगदी सभ्यपणे पाणी मागितलं. आणि तुरट फळ रिकाम्या पोटी भरपूर खाऊ नये, ते टॅनिन पोटात गोळा होऊन अक्षरशः दगडासारखं बसू शकतं, डॉक्टरांच्या पुस्तकात त्याला वेगळं नाव आहे.

आता जाती. लावायचं असेल किंवा नुसतं विकत घ्यायचं असेल तरी हे तीन प्रकार डोक्यात पक्के पाहिजेत. एक हाचियासारख्या, मऊ होईपर्यंत तुरटच. दुसऱ्या फुयू आणि जिरोसारख्या, टोमॅटोसारख्या बसक्या, त्या झाडावर कडक असतानाच गोड होतात, सफरचंदासारख्या कापून खायच्या, सालासकट. फुयू जपानच्या गिफू भागातली, जिरो शिझुओकातली, १८४४ च्या सुमाराला सापडलेली, आणि इथल्या नर्सरीत फुयू म्हणून घेतलेलं रोप अनेकदा जिरोच निघतं. वरून बघितलं तर जिरो जरा चौकोनी दिसतो आणि त्यावर चार फिकट खाचा असतात. मला विचाराल तर वाईट काही नाही, जिरो पण छान लागतो, झाडही आटोपशीर राहतं. तिसऱ्या प्रकारात काकांचं कोडं सुटतं. मारू, ह्याकुमे, किंवा ज्याला इथे चॉकलेट म्हणतात, या जातींत फुलाला परागकण मिळून आत बी धरलं की बी भोवतीचा गर तपकिरी होतो आणि कडक असतानाच गोड, आणि बी नाही धरलं तर तेच फळ तुरट. म्हणजे एकाच झाडाची, एकाच पेटीतली दोन फळं, एक गूळ एक तुरटी. जपानमधलं सगळ्यात जुनं गोड पर्सिमन समजतात ते झेन्जिमारू, कावासाकीच्या ओझेन्जी देवळाकडे १२१४ साली सापडलेलं, तेही याच गटातलं. तर काका, तुमचं पहिलं फळ आतून तपकिरी होतं म्हणालात ना? त्यात बी होती का ते आठवून बघा.

नुसत्या आकारावरूनही पूर्ण भरवसा नको बरं का. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाकडे रोहो ब्रियान्ते नावाची तुरट जात कार्बन डायऑक्साइडच्या खोलीत ठेवून कडक असतानाच गोड करतात, इस्रायलमध्ये ट्रायम्फ जातीचं तसंच करतात आणि शेरॉन फ्रूट म्हणून विकतात. म्हणून दुकानात फळवाल्याला एकच प्रश्न विचारायचा, कडक खायचं की मऊ झाल्यावर? त्याला सांगता आलं नाही तर मऊ करूनच खा, कुठलीही जात मऊ झाल्यावर तुरट लागत नाही.

हाचियाचं झाड होतंच, पण मुलगी ते लिबलिबीत फळ चमच्यानं खायला तयार नाही, तिला शाळेच्या डब्यात कापून न्यायला हवं, म्हणून २०१५ च्या फेब्रुवारीत मी फुयूचं कलम आणलं. इथे हिवाळ्यात रोपं मातीशिवाय, नुसत्या मुळांची मिळतात. घरी येऊन पिशवी उघडली तर मुळं काळीकुट्ट, कोळशासारखी! मला वाटलं कुजकं रोप गळ्यात मारलं. नर्सरीला फोन केला, आवाज चढवून बोलले, पैसे परत मागितले. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, पर्सिमनची मुळं काळीच असतात, लावा. लावलं. मार्च गेला, शेजारच्या सगळ्या झाडांना पालवी फुटली, आमची काडी काडीच. नवरा रोज सकाळी कॉफी घेऊन तिच्यापुढे उभा राहायचा आणि काही बोलायचा नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट. मी नखानं साल खरवडून बघितली, आत हिरवी होती, म्हणून थांबले. एप्रिलच्या मध्यावर फुटली. पर्सिमन उशिराच उठतं, हे तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगत असते.

कलमच घ्यायचं, बी नाही. बीचं झाड कुठल्या चवीचं निघेल सांगता येत नाही, नुसती नर फुलं येणारंही निघू शकतं, आणि फळ दिसेपर्यंत कित्येक वर्षं जातात. कलम तीन ते पाच वर्षांत फळ धरतं. आणि कलम कुठल्या खुंटावर, म्हणजे खालच्या कुठल्या मुळांच्या रोपावर, बांधलंय ते विचारा, हे कुणी विचारत नाही. लोटस नावाचा खुंट असतो, आपल्याकडे हिमालयात त्यालाच अमलूक म्हणतात, चिवट असतो, पण फुयूचं त्याच्याशी नेहमी पटतंच असं नाही, सुरुवातीला नीट वाढतं आणि काही वर्षांनी बिनसतं अशी जुनी तक्रार आहे. काकीच्या स्वतःच्या खुंटावर असेल तर ती काळजी नाही. एकच झाड लावलं तरी चालतं, फुयू आणि हाचिया दोन्ही परागकणांशिवाय फळ धरतात, बिनबियांचं, उलट शेजारी चॉकलेट लावलंत तर त्याच्या नर फुलांमुळे तुमच्या फुयूत बिया येतील.

बाकी झाड फार लाडाचं नाही, माझ्या सगळ्या चुका जास्त लाड केल्यामुळेच झाल्या. आमच्याकडे चिकणमाती, म्हणून खड्डा करून पाणी भरून बघितलं, दुसऱ्या दिवशी पण पाणी तसंच, मग खड्ड्यात न लावता वीतभर उंच वाफा करून त्यावर लावलं. चौथ्या वर्षी पहिल्यांदा भरपूर फळ धरलं तेव्हा मी खुशीत लॉनचं नायट्रोजनवालं खत ओतलं आणि जूनमध्ये सकाळी उठून बघते तर खाली सडाच, सुपारीएवढी हिरवी फळं, टोप्यांसकट. नायट्रोजन जास्त झालं की झाड पानं वाढवतं आणि फळ टाकतं, आज पाणी उद्या नाही असं केलं तरी टाकतं. त्यानंतर खत म्हणजे वसंतात थोडं कंपोस्ट, बस, आणि पाणी आठवड्यातून एकदा पण खोल. पुढची चूक छाटणीची. बागकामाला येणाऱ्या माणसानं हिवाळ्यात सगळ्या फांद्यांची टोकं मेंदीच्या कुंपणासारखी एका रेषेत कापली. दिसायला फार सुबक, पण पर्सिमनचं फळ गेल्या वर्षीच्या फांदीच्या टोकाकडच्या डोळ्यांतून फुटणाऱ्या नव्या कोंबावर येतं, टोकंच गेली तर फळ कुठून येणार? त्या वर्षी अकरा फळं आली. मी मोजली. आता फक्त आतल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढते, बाकी हात लावत नाही. लाकूड ठिसूळ असतं त्यामुळे जास्त धरलं तर जूनमध्ये विरळणी करते, वीतभरावर एक, तरी एखाद्या फांदीला टेकू द्यावा लागतोच. आणि खारी! त्यांना कडक-मऊ, तुरट-गोड काही फरक पडत नाही. जाळीच्या पिशव्या बांधते, निम्मी माझी निम्मी त्यांची असा समझोता आहे.

फुयूची काय, कोशिंबीर करा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, लिंबू आणि वरून जिऱ्याची फोडणी, मुळा-काकडीच्या वर. मुलगी चाट मसाला लावून खाते. मला कुणी विचारलं की एकाच झाडाला जागा आहे, कुठलं लावू, तर मी फुयू किंवा जिरो सांगते, कारण दहातल्या नऊ घरांत वाट बघायची सवय नसते. पण माझं स्वतःचं विचाराल तर हाचिया. डिसेंबरात पानं सगळी गळून गेलेली असतात, नुसत्या काळ्या फांद्यांवर भगवी फळं लटकलेली असतात आणि धुक्यातून उठून बघितलं की कुणीतरी आकाशकंदील उतरवायचे विसरलंय असं वाटतं.

आणि बागेच्या पानावरच्या त्या दोन ओळींबद्दल. हे पानझडीचं झाड आहे, त्याला हिवाळ्यात थंडी लागते, साधारण शंभर ते दोनशे तास ७ अंशांच्या खालची. म्हणूनच भारतात ते कुल्लूला, काश्मीरला, उत्तराखंडात, नाहीतर खाली निलगिरीत कुन्नूरकडे होतं. पुण्यात एखादी पहाट ८-९ अंशांवर गेली की आपण स्वेटर काढतो आणि दहा वाजता परत घामाघूम होतो, निफाडला पारा बराच खाली जातो पण तोही थोड्या रात्री, थोडे तास. तेव्हा गच्चीवरच्या कुंडीत मी तरी पैसे घालणार नाही, आणि मुंबई-कोकणात तर नाहीच नाही. कुणाची हौसच असेल तर निदान थंडी कमी लागणारी जात आणि कलम घ्या आणि फळाची आशा न ठेवता पानांसाठी लावा. उलट ज्यांच्या गावाकडे टेंभुर्णी आहे त्यांनी एप्रिल-मेमध्ये टेंभरं खाऊन बघावीत, पिकलेली, पिवळी, मऊ. आई आजही फोनवर विचारते, तुझ्या त्या मोठ्या टेंभराच्या बिया पाठव. मी सांगते, अगं त्यात बियाच नाहीत. तिला ते पटत नाही, बिनबियांचं टेंभरू म्हणजे काय टेंभरू.

पुण्याच्या काकांना एवढंच सांगा की उरलेली चार फेकू नका. फ्रीजमधून बाहेर काढा, एक केळं घालून कागदी पिशवीत ओट्यावर ठेवा, रोज अंगठ्यानं हलकं दाबून बघा, आणि आता हे सडलंच असं वाटायला लागलं की वरची टोपी काढून चमच्यानं खा. हे पत्र छापून येईपर्यंत त्यांनी ती पुरावा म्हणून ग्राहक आयोगाकडे नेली नसली म्हणजे मिळवलं.

आपली,
एक वाचक, सनीव्हेल, कॅलिफोर्निया
(माहेर गोंदिया)